दुकानदाराच्या बायकोची डायरी

२६ जून १८६२. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनच्या बाजूला, केंट आणि ससेक्स या दोन परगण्यांचा क्रिकेटचा सामना चालला होता. केंटच्या एका गोलंदाजाने लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी टिपले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये तोवर हे कुणालाच साधलेलं नव्हतं. बाद झालेल्या चौघांतला एक होता स्पेन्सर ऑस्टिन-ली, कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या भाच्याचा मुलगा. गोलंदाजाचं नाव जोसेफ वेल्स. पोटापाण्यासाठी त्याचं लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावात, हाय स्ट्रीटवर, चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं.

धावफलकाने त्याचं नाव जपलं. क्रिकेटच्या विक्रमांच्या यादीत ते आजही सापडतं. पण जोसेफ मैदानावर असायचा तेव्हा दुकानात त्याची बायको सारा बसायची. कडेवर तान्हं, तळघरात चूल आणि वरच्या मजल्यावर दुकानाची घंटा. त्याच साली त्यांचा दुसरा मुलगा फ्रेड जन्मला होता. साराच्या कामाची नोंद कुठल्याही फलकावर झाली नाही. ती केली तिने स्वतःच, रात्री, आपल्या डायरीत.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एखाद्या साध्या दुकानदाराचं घर आज उभं करायचं म्हटलं तर कशाकशाचा आधार मिळतो, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं आहे. राजे, सेनापती, कारखानदार यांची दप्तरं असतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं काय उरतं? एखादी वही, चार-दोन फोटो, सरकारी रजिस्टरातली एक ओळ. ती वहीसुद्धा कुणीतरी जपली तरच. वेल्स कुटुंबाचं नशीब असं, की घरातल्या धाकट्या मुलाच्या हाती आईच्या डायऱ्या आल्या आणि तो मुलगा लेखक निघाला. घरात त्याला बर्टी म्हणत. जग त्याला एच. जी. वेल्स म्हणून ओळखतं. ‘टाइम मशीन’ आणि ‘इनव्हिजिबल मॅन’ लिहिणारा तोच.

१९३४ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, वेल्सने आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. नाव ‘एक्सपेरिमेंट इन ऑटोबायोग्राफी’. त्याच्या सुरुवातीच्या भागात तो आईच्या डायऱ्या उघडून बसतो. तोवर आई जाऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती. आपल्याकडे त्याच साली लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला. लक्ष्मीबाईंनी आपलं आयुष्य स्वतः सांगितलं. सारा वेल्सचं आयुष्य तिच्या मुलाने तिच्या नोंदींमधून वेचून काढलं.

सारा नील १८२२ साली जन्मली. वडील मिडहर्स्ट गावात खानावळ चालवत. त्या काळात अशा घरातल्या मुलीला दोन वाटा असत, लग्न नाहीतर मोठ्या घरची नोकरी. ती बड्या घरची खास दासी झाली. बाईसाहेबांचे कपडे, केस, दागिने सांभाळणारी नोकरी, म्हणजे नोकरवर्गातली वरची पायरी. १८५० साली ती ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या हवेलीत लागली. पुढल्या वर्षी तिथल्या बागेत एक माळी आला. पेन्सहर्स्टच्या मोठ्या माळ्याचा मुलगा, तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, तब्येतीने दांडगा, पुस्तकं आणि क्रिकेट यांचा नादी. हा जोसेफ.

१८५३ साल साराला फार कठीण गेलं. आजारी आईच्या शुश्रूषेसाठी तिने नोकरी सोडली. त्याच वर्षी आई-वडील दोघंही गेले. पाठीमागे कर्ज उरलं, माहेर असं राहिलंच नाही. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला लंडनमधल्या एका चर्चमध्ये तिने जोसेफशी लग्न केलं. या तारखा एकापुढे एक मांडल्या की लग्नाची घाई का झाली ते समजतं. प्रत्येक तारखेची नोंद वेगळ्या ठिकाणी पडलेली असते, आईचा मृत्यू एका रजिस्टरात, लग्न दुसऱ्या. त्यांना जोडणारा धागा घरातल्या वहीत असतो. वंशावळ जुळवण्याचं निम्मं काम हेच असतं, असं मला वाटतं.

लग्नानंतर जोसेफला मोठ्या माळ्याची जागा मिळाली, राहायला घर मिळालं, आणि १८५५ साली ती नोकरी गेली. नोकरीबरोबर घरही गेलं. मग जोसेफच्या चुलतभावाचं ब्रॉम्लीतलं दुकान त्यांनी घेतलं. दुकानाचं नाव अ‍ॅटलास हाउस. काचेच्या कपाटात अ‍ॅटलासची एक मूर्ती होती, आणि त्याच्या खांद्यावर पृथ्वीच्या जागी दिवा होता. माळीकाम करणारा नवरा आणि मोठ्या घरी नोकरी केलेली बायको, दोघांनाही दुकानदारीचा अनुभव नव्हता. आपण फसलो हे साराला दुकानात पाऊल टाकताच कळलं, आणि ते तिने डायरीत लिहून ठेवलं. भांड्यांचा धंदा म्हणजे बशा, कप, दिव्याच्या काचा. वस्तू फुटल्याशिवाय गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. १८५८ साली ब्रॉम्लीत रेल्वे आली. आपल्या गावाची भरभराट होणार असं दुकानदारांना वाटलं असेल, पण त्याच रेल्वेने लंडनची मोठी दुकानं गिऱ्हाइकांच्या दाराशी आणून ठेवली. अ‍ॅटलास हाउस तगलं ते जोसेफच्या खेळामुळे. तो क्रिकेटच्या बॅटी आणि चेंडू विकू लागला, पैसे घेऊन गोलंदाजी शिकवू लागला.

घर दुकानाच्या मागे, वर आणि खाली होतं. स्वयंपाकघर तळघरात. उजेड यायचा तो रस्त्याच्या पातळीवर बसवलेल्या लोखंडी जाळीतून. त्या जाळीतून लहान बर्टीला रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. फाटके बूट, झिजलेल्या टाचा, कधी एखादी चकचकीत जोडी. मोठेपणी त्याने समाजवादावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्याची सुरुवात याच बुटांनी केली. आई मात्र त्या तळघराबद्दल डायरीत फार लिहीत नाही. तिच्या नोंदी देव, चर्च, मुलांची दुखणी, नवऱ्याचं उशिरा येणं यांच्या आहेत.

तिच्या दुःखाचं केंद्र म्हणजे फॅनी, थोरली मुलगी. १८५५ सालचा तिचा जन्म. देवभोळी, शहाणी, आईच्या शब्दात राहणारी. १८६४ साली अपेंडिक्सच्या दुखण्याने ती गेली, वय नऊ. त्या काळी त्या दुखण्यावर शस्त्रक्रिया होत नसे. वेल्स तिच्यानंतर दोन वर्षांनी, १८६६ साली जन्मला. बहीण त्याने कधी पाहिलीच नाही, तरी आत्मचरित्रात ती ठसठशीत उभी राहते, कारण आईच्या वहीत ती जिवंत होती. आपल्या जागी ती मुलगी परत हवी होती, या आईच्या आशेचं ओझं आपण लहानपणी वाहिलं, हे त्याला म्हातारपणी वह्या वाचताना नीट समजलं. मृत्यूच्या रजिस्टरात फॅनी एका ओळीत संपते. नाव, वय, कारण, बापाचा धंदा.

बापाचा धंदा, हे शब्द मुद्दाम लिहिले. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, मृत्यू आणि लग्नांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. लग्नाच्या रजिस्टरात वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा लिहिण्याचा रकाना होता. आईला रकानाच नव्हता. तो आला २०२१ च्या मे महिन्यात. म्हणजे एकशे त्र्याऐंशी वर्षं इंग्लंडमधल्या प्रत्येक लग्नाच्या नोंदीतून दोन्ही आया वगळल्या गेल्या. म्हणून साराच्या डायरीला मी जोसेफच्या चार बळींपेक्षा जास्त किंमत देतो.

सरकारी कागदांत सगळ्यांत उपयोगी पडते ती दर दहा वर्षांची खानेसुमारी. १८४१ च्या खानेसुमारीत मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. एकोणतिशीचा माणूस तिथे पंचविशीचा होतो, आणि हे ज्याला माहीत नाही तो चुकीच्या माणसाच्या मागे वर्षभर फिरतो. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माचं गाव लिहू लागले. १९११ च्या खानेसुमारीत घरमालकाने स्वतःच्या हाताने भरलेला कागदच जपून ठेवलेला आहे, तेव्हा पणजोबांचं अक्षरही पाहता येतं. हे कागद शंभर वर्षं बंद ठेवण्याचा नियम आहे. १९२१ चे कागद २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. पुढचे कधी? १९३१ चे कागद १९४२ मधल्या आगीत जळून गेले. १९४१ साली युद्धामुळे खानेसुमारी झालीच नाही. त्यामुळे आता थेट १९५१ ची खुली होईल तेव्हाच, म्हणजे तीस वर्षांचा खड्डा. तो भरून काढायला घरोघरच्या डायऱ्या, पत्रं आणि फोटो फार उपयोगी पडतात.

आता फोटोंकडे वळू. व्हिक्टोरियन दुकानदाराच्या घरातून येणारा फोटो बहुतेक वेळा एका ठरावीक मापाचा असतो. अडीच इंच रुंद, चार इंच उंच पुठ्ठा, त्यावर चिकटवलेला पातळ कागद. याला कार्त-द-विझीत म्हणत, म्हणजे भेटकार्ड. पॅरिसच्या डिस्देरीने १८५४ साली याचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर आठ चित्रं घ्यायची, म्हणून खर्च कमी. १८६० साली मेयॉल नावाच्या छायाचित्रकाराने राणीच्या कुटुंबाची अशी कार्डं बाजारात आणली आणि इंग्लंडभर वेड लागलं. तोवर आपलं चित्र काढून घेणं मुख्यतः श्रीमंतांना परवडायचं. आता खाटीक, शिंपी, कुंभार, सुतार सगळे रविवारचे कपडे घालून स्टुडिओत जाऊ लागले.

असं एक कार्ड हातात घेतलं की आधी चेहरा पाहू नये, कडा पाहाव्यात. कोपरे काटकोनात असतील आणि पुठ्ठा पातळ असेल तर फोटो बहुधा १८६० च्या दशकातला. कोपरे गोल झाले की १८७० च्या पुढचा. जाड पुठ्ठा आणि सोनेरी कड असेल तर आणखी पुढे यायचं. मग पाठ पाहायची. सुरुवातीच्या कार्डांवर छायाचित्रकाराचं नाव आणि पत्ता एवढंच असतं, पुढे पुढे वेलबुट्टी, पदकं, राजघराण्याचे शिक्के यांनी पाठ भरून जाते. तो पत्ता सोन्यासारखा. दरसाल किंवा काही वर्षांनी छापल्या जाणाऱ्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत गल्लीवार दुकानदारांची यादी असे. छायाचित्रकार त्या पत्त्यावर कोणत्या साली आला आणि कधी गेला ते तिथे सापडलं की फोटोचं साल चार-पाच वर्षांच्या आत बसवता येतं.

आता माणूस पाहा. पूर्ण उंचीचा, उभा, बाजूला खोटा खांब आणि पडदा, पायाखाली नक्षीची सतरंजी, तर काळ लवकरचा. फक्त चेहरा आणि खांदे, कडा धुरकट होत गेलेल्या, तर उशिराचा. बाईचा घागरा घंटेसारखा चहूबाजूंनी फुगलेला असेल तर १८६० च्या आसपास. फुगवटा मागे सरकला की १८७० आणि ८० ची दशकं. खांद्यापाशी बाह्या फुग्यासारख्या असतील तर १८९५ च्या अलीकडे-पलीकडे. पुरुषांच्या कोटावरून साल काढणं अवघड, कारण दुकानदार एक चांगला कोट पंधरा वर्षं वापरायचा.

बुटांच्या मागे नीट पाहिलं की कधी कधी लोखंडी स्टँडचा पाय दिसतो. काचेवर प्रकाश उमटायला काही सेकंद लागत, तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मागून चिमट्याने डोकं धरून ठेवत. पणजोबा फोटोत एवढे कडक का दिसतात, याचं उत्तर बऱ्याचदा त्या स्टँडमध्ये असतं. स्वभावावरून निष्कर्ष काढायला जाऊ नये. रंगांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. त्या काळच्या रसायनांना निळा प्रकाश जास्त भावे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. निळे डोळे पांढुरके उमटत, लालसर केस काळे. घरात ऐकीव गोष्ट असते की आजीचे केस तांबडे होते, आणि फोटोत काळे दिसले म्हणून तो फोटो आजीचा नव्हेच असं ठरवून टाकणारे लोक असतात. आजी तीच असते.

सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे पाठीवर नंतरच्या हाताने लिहिलेलं नाव. ते लिहिणारा कोण, त्याने ते माणूस स्वतः पाहिलं होतं की आईकडून ऐकलं होतं, हे कळेपर्यंत त्यावर विसंबायचं नाही.

नावाची चूक किती खोल जाऊ शकते याचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. दुकानदाराचं नाही, विणकराचं आहे. लँकशायरमधल्या क्लिदरो गावाजवळ लो मूर इथे एक गिरणी होती. तिथल्या एका विणकराची १८६० ते १८६४ या काळातली डायरी कचऱ्याच्या ढिगात सापडली. १९५३ साली ती इतिहासाच्या एका नियतकालिकात छापली गेली, तेव्हा लेखकाचं नाव दिलं होतं जॉन वॉर्ड. लँकशायरच्या कामगारांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांना हा जॉन वॉर्ड ठाऊक झाला. पुढे त्याच्या आणखी वह्या उजेडात आल्या, आणि १९८२ साली मेरी ब्रिग यांनी संपादित केलेल्या आवृत्तीवर खरं नाव आलं, जॉन ओनील. जवळजवळ तीस वर्षं त्याचे शब्द दुसऱ्याच नावाने वाचले गेले. त्याने स्वतः तर इतकं नेमाने लिहिलं होतं: हवा, गिरणीतली कामं, मजुरी, युनियनच्या सभा, अमेरिकेतल्या युद्धाच्या बातम्या.

त्या युद्धाने त्याच्या घरात दारिद्र्य आणलं आणि इथे ही डायरी आपल्या दारात येते. अमेरिकेतली यादवी १८६१ मध्ये सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस येईना. लँकशायरच्या गिरण्या हिंदुस्थानचा कापूस घेऊ लागल्या. तिथे त्या सगळ्याला एकच नाव होतं, सुरत. मुंबई बंदरातून गेलेला गुजरातचा, खानदेशाचा, वऱ्हाडाचा कापूस सगळा सुरत. लिव्हरपूलच्या बाजारात त्यातल्या एका जातीला ‘ऊमरावती’ म्हणत, म्हणजे आपली अमरावती. हा कापूस आखूड धाग्याचा. त्यात माती आणि पालापाचोळा राहायचा. मागावर धागा सारखा तुटायचा. विणकराला मजुरी कापडावर मिळायची, वेळावर नाही. धागा सांधण्यातच दिवस जायचा. ओनीलला एरवीइतके माग सांभाळता येईनात. गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात त्याला मदत समितीकडून आठवड्याला तीन शिलिंग मिळाले. १८६२ ते १८६४ अशी जवळजवळ दोन वर्षं त्याने डायरीच लिहिली नाही. पुन्हा लिहायला बसला तेव्हा त्याने कारण लिहून ठेवलं, दिवस फार वाईट होते.

त्याच दोन वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला होता. कापसाच्या भावाने शेअरबाजार फुगला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ साली अमेरिकेतलं युद्ध संपताच सगळं कोसळलं. मुंबईच्या इतिहासात हे आपण वाचलेलं असतं. ओनीलच्या वहीतली दोन कोरी वर्षं त्याच्या शेजारी ठेवून मी कधी वाचलं नव्हतं. अमरावतीच्या कापूस-शेतकऱ्याची त्या वर्षांची डायरी असती तर तिसरी बाजू कळली असती.

वही टिकणं हा घरच्यांच्या मर्जीचा भाग असतो. फ्रान्सिस किल्वर्ट नावाचा एक तरुण पाद्री वेल्स प्रांताच्या सरहद्दीवरच्या खेड्यात १८७० च्या दशकात फार सुंदर डायरी लिहीत असे. एकोणचाळीस वर्षांचा होण्याआधीच तो गेला. बावीस वह्या पुतण्या-भाच्यांकडे आल्या. त्यांतून निवडलेले तीन खंड १९३८ ते १९४० मध्ये छापले गेले आणि लोकांनी डोक्यावर घेतले. पण त्यानंतर घरातल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईंनी मूळ वह्यांपैकी बहुतेक नष्ट केल्या. खासगी गोष्टी बाहेर जाऊ नयेत, एवढाच त्यांचा हेतू होता. आज तीनच वह्या शिल्लक आहेत. जोसेफ वेल्सने बाद केलेल्या त्या ऑस्टिन-लीच्या घरातही असंच घडलं होतं. जेन ऑस्टिनची बरीच पत्रं तिच्या बहिणीने जाळली. जी उरली ती आणि घरच्यांच्या आठवणी घेऊन स्पेन्सरच्या वडिलांनी आत्याचं पहिलं चरित्र लिहिलं.

ज्या डायऱ्यांना वारसच नाही त्यांच्यासाठी लंडनच्या बिशप्सगेट इन्स्टिट्यूटमध्ये एक संग्रह आहे, २००७ साली सुरू झालेला ग्रेट डायरी प्रोजेक्ट. ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनच्या मातीच्या पाट्या वाचणारे अर्विंग फिंकेल यांनी तो पॉली नॉर्थ यांच्याबरोबर सुरू केला. कुणाचीही डायरी, कितीही साधी, तिथे घेतात. दहा हजारांहून अधिक डायऱ्या आज तिथे आहेत. घर रिकामं करताना रद्दीत निघालेल्या, वारसांनी आणून दिलेल्या. आपल्याकडे पेशवे दप्तर आहे, पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, सनदा आणि बखरींसाठी इतिहाससंशोधक राजवाड्यांसारखी माणसं गावोगाव हिंडली. किराणा दुकानदाराच्या बायकोची वही कुणाकडे द्यायची, याला मराठीत अजून उत्तर नाही. ते असायला हवं.

वेल्स कुटुंबाचा शेवट सांगायचा राहिला. १८७७ च्या शरदात जोसेफ घरामागच्या द्राक्षवेलीची छाटणी करताना शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. क्रिकेट संपलं, आणि त्याबरोबर दुकानाला उभं धरणारा पैसाही. १८८० साली अपपार्कहून बोलावणं आलं. साराची जुनी बाईसाहेब आता हवेलीची मालकीण झाली होती. सारा मुख्य कारभारीण म्हणून परत गेली, नवरा दुकानात एकटा राहिला. बर्टीला कापडाच्या दुकानात उमेदवारीला घातलं. तेरा वर्षं तिने ती हवेली सांभाळली. बहिरेपण वाढत गेलं आणि १८९३ साली तिला नोकरी सोडायला लावली. या तेरा वर्षांतही ती लिहीतच होती. अ‍ॅटलास हाउस १८८७ साली बंद झालं. सारा १९०५ साली गेली, जोसेफ १९१० साली. मुलाने ‘किप्स’ आणि ‘मिस्टर पॉली’ या कादंबऱ्यांत दुकानदारीचं सगळं दुःख ओतलं, ‘टोनो-बंगे’मध्ये अपपार्क आणलं. वेल्सची कागदपत्रं आज अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठात आहेत. ब्रॉम्लीच्या तळघरात सुरू झालेल्या एका घराचे कागद अटलांटिकपलीकडे कुलूपबंद, तापमान राखलेल्या खोलीत.

आपल्याकडे वंशावळीची परंपरा इंग्लंडपेक्षा कमी नाही. तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या सापडतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन पिढ्या वाचून दाखवतात. घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. फोटोंच्या बाबतीतही आपण मागे नव्हतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओ तेव्हापासून चार-पाच वर्षांत नावारूपाला आलेला. पण जुन्या वंशवेली उघडून पाहा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. लग्नाच्या इंग्रजी रजिस्टरात न मावलेल्या आया इथेही मावलेल्या नाहीत.

आमच्या घरी एक मोठा फोटो आहे, वाड्याच्या पायरीवर बसलेल्या अकरा माणसांचा. सात पुरुषांची नावं मला सांगता येतात. पुढच्या रांगेत चार बायका आहेत, नऊवारीत, एकीच्या मांडीवर मूल. त्या कोण हे फक्त आत्याला माहीत होतं. मी तिला विचारलं नाही. ती गेल्याला आता सहा वर्षं झाली. स्टुडिओचा शिक्का पाहून साल काढता येईल, लुगड्याच्या काठावरून आणखी जवळ जाता येईल, पण त्या चौघींची नावं कुठल्याही डिरेक्टरीत निघणार नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. या दिवाळीत सगळे एकत्र जमाल तेव्हा फोटोंचा डबा खाली काढा. घरातल्या सर्वांत मोठ्या बाईंना मध्ये बसवा. प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा, बॉलपेनाने नको, त्याची शाई पुढच्या बाजूला उमटते. पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, अंदाजे साल. हे कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा. आणि एखादी जुनी वही निघाली, हिशेबाची असो, दुखण्या-बाळंतपणाची असो, तर ती रद्दीत टाकू नका.